पहिली भेट मांडवात नको

पत्र (थोडक्यात):

सप्रेम नमस्कार. मी पंचावन्न वर्षांचा असून ठाण्यात राहतो. मूळ गाव कुडाळ तालुक्यात आहे. धाकट्या बहिणीचे सासर आमच्या गावच्या घरापासून अवघ्या तीन किलोमीटरवर आहे. वडील २०११ मध्ये आणि आई २०१६ मध्ये गेली. आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हक्कसोडपत्राचा मसुदा बहिणीपुढे ठेवला आणि तिने सही करायला नकार दिला. ‘लग्नात सगळे दिले, आता आणखी काय हवे,’ असे मी बोललो. शब्दाने शब्द वाढला आणि माझ्या पत्नीचे नाव मध्ये ओढले गेले. तेव्हापासून बोलणे बंद आहे. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे आणि सातबारा अजून वडिलांच्याच नावावर आहे. या काळात गोव्याला जाताना दोनदा गाडी कुडाळ स्थानकात थांबली, पण मी उतरलो नाही.

आता भाचीचे लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले आहे. ती पुण्यात नोकरी करते. तिनेच फोन करून ‘मामा, तू यायलाच हवंस’ असे सांगितले आणि पत्रिका मोबाइलवर पाठवली. पत्रिकेत तिच्या नावाखाली ‘यांची भाची’ म्हणून माझे नाव छापले आहे. बहिणीचा स्वतःचा फोन मात्र आलेला नाही. पत्नी म्हणते, घरी येऊन कोणी अक्षत दिली नाही, तेव्हा जाण्याचे कारण नाही. माझा बेत असा आहे की लग्नाच्या सकाळी पोहोचावे, कुडाळला हॉटेलात उतरावे, एक लाख एक्कावन्न हजारांचा आहेर करावा आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे. सगळे एकत्र भेटणारच आहेत, तर जमिनीचे कागदही सोबत न्यावेत का? माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. आत्याला तिने शेवटचे पाहिले तेव्हा ती शाळेत होती. तिला काय सांगावे, हेही कळत नाही.

— भाचीचा मामा, ठाणे

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते लग्नाला जावे की नाही याविषयीचे वाटले. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की जायचे तुम्ही मनाशी ठरवलेलेच आहे, आणि आता फक्त कमीत कमी वेळात, कमीत कमी माणसांना तोंड देऊन हे कसे उरकता येईल एवढेच तुम्ही शोधता आहात. सकाळी पोहोचायचे, हॉटेलात उतरायचे, पाकीट द्यायचे आणि संध्याकाळची गाडी धरायची, हा बेत कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला शोभून दिसेल. मुलीच्या मामाने असे केले तर गावात त्याची चर्चा लग्नाच्या जेवणापेक्षा जास्त दिवस चालेल, आणि तुमच्या बहिणीला ती ऐकत तिथेच राहायचे आहे.

आधी पत्रिकेविषयी बोलू, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेला आहात. लग्नघरात पत्रिकेचा मजकूर किती वेळा तपासला जातो हे ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असते की तिथे एकही नाव चुकून येत नाही आणि एकही नाव चुकून गळत नाही. कोणाच्या नावामागे ‘कै.’ लावायचे, कोणत्या काकांचे नाव आधी घ्यायचे, यावरून घराघरांत रात्र-रात्र वाद होतात. अशा पत्रिकेत नऊ-दहा वर्षे न बोललेल्या भावाचे नाव मुलीच्या नावाखाली छापले गेले, याचा अर्थ कोणीतरी ते नाव घालायचे म्हटले आणि तुमच्या बहिणीने ते खोडले नाही. कदाचित तिनेच ते घातले असेल. फोन तिने केला नाही, हे खरे. पण फोनवर समोरच्याचा आवाज ऐकावा लागतो आणि छापखान्याला फक्त नाव द्यावे लागते. जेवढे तिला जमले तेवढे तिने केले आहे, असे मी तरी मानते, आणि पुढचे पाऊल तुमचे आहे.

तुमच्या पत्नीचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. घरी येऊन अक्षत देण्याला आपल्याकडे अर्थ आहे, आणि मोबाइलवर आलेल्या चित्राला तो मान नाही, ही त्यांची भावना योग्यच आहे. फक्त हाच हिशोब पलीकडच्या बाजूनेही मांडला जाणार, याची कल्पना त्यांनाही द्या. इतक्या वर्षांत ठाण्याहून गणपतीला कोणी गेले नाही, भाऊबीज झाली नाही, भाचीला नोकरी लागली तेव्हा मामा-मामीचा फोन गेला नाही. मानपानाचे खाते उघडले तर दोन्ही पानांवर बाकी निघेल.

याच संदर्भात तुमच्या भाषेकडे थोडे लक्ष वेधते. ‘शब्दाने शब्द वाढला’, ‘नाव मध्ये ओढले गेले’, असे तुम्ही लिहिता. ही मराठीतली फार सोयीची वाक्यरचना आहे. तिच्यात भांडण पावसासारखे आपोआप पडते आणि कोणी काही केलेले नसते. पण त्याच परिच्छेदात ‘असे मी बोललो’ हेही तुम्ही प्रांजळपणे लिहिले आहे, आणि मला त्या तीन शब्दांवरच भरवसा ठेवावासा वाटतो. बहिणीशी बोलताना त्याच वाक्यापासून सुरुवात करा.

आता माझा मुख्य सल्ला. इतक्या वर्षांनंतरची तुमची आणि तिची पहिली भेट लग्नाच्या मांडवात होऊ देऊ नका.

मांडवातील भेटीत नेमके काय होते ते पाहा. तीन-चारशे माणसे जमलेली असतात, त्यातल्या निम्म्यांना तुमचे भांडण माहीत असते आणि उरलेल्यांना ती माणसे ते तिथेच सांगतात. तुम्ही आत पाऊल टाकताच सगळ्यांच्या नजरा आधी तुमच्याकडे आणि मग तिच्याकडे वळतील. ती त्या क्षणी वधूची आई असेल, म्हणजे तिच्या हातात एकाच वेळी ओटीचे सामान, विहिणीचा मान, भटजींनी मागितलेली सुपारी आणि कुठेतरी ठेवून विसरलेली कपाटाची किल्ली असे सगळे असेल. अशा वेळी ती रडली तर लोक म्हणतील तमाशा केला, आणि रडली नाही तर म्हणतील काळीज दगडाचे आहे. तिच्या मुलीच्या लग्नात तिला हा पेच देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. म्हणून लग्नाच्या किमान महिनाभर आधी एकट्याने गावी जा, एक रात्र राहा आणि जे रडायचे, ओरडायचे, गप्प बसायचे असेल ते चार भिंतींत होऊ द्या.

त्याआधी फोन करावा लागेल, आणि तो तुम्हीच करायचा आहे. भाचीकरवी निरोप पाठवू नका. लग्न ठरलेल्या मुलीवर आई आणि मामा यांच्यामधल्या टपालाचे काम टाकणे बरे नाही. फोनवर प्रास्ताविक लांबवू नका. ‘आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागद काढला, ते माझे चुकले,’ एवढे एक वाक्य बोला आणि थांबा. त्या वाक्यापुढे ‘पण’ आला की त्याआधीचे सगळे पुसले जाते, याची खूणगाठ बांधून ठेवा. ती कदाचित गप्प राहील, कदाचित ‘आता आठवण झाली?’ असे विचारील, कदाचित फोन ठेवून देईल. यातल्या कशालाही उत्तर देण्याची घाई करू नका. दोन दिवसांनी पुन्हा फोन करून ‘मी अमुक तारखेला गावी येतो आहे, भेटशील का?’ असे विचारा. माझा अंदाज असा आहे की दुसऱ्या फोनला प्रश्न येईल तो ‘कधी येतलस?’ एवढाच, आणि तो शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारला जाईल. मालवणी माणसाचा कोरडा आवाज म्हणजे नकार नव्हे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

गावी गेल्यावर कुठे उतरायचे, हा प्रश्न तुम्ही हॉटेल सांगून सोडवला आहे. तुमच्या वडिलांचे घर तीन किलोमीटरवर कुलपात असताना मुलीचा मामा लॉजवर उतरला, ही गोष्ट बहिणीला जितकी लागेल तितकी तुमची अनुपस्थितीही लागणार नाही. ते घर उघडा. मात्र उघडण्याआधी तिला विचारा, आणि मला या सबंध उत्तरात काही अधोरेखित करायचे असेल तर ते हे विचारणे. ‘घर उघडून साफ करून घेतो, तुझ्याकडचे पाहुणे तिथे उतरवायचे का?’ असा हा प्रश्न आहे. मेमध्ये मुंबई-पुण्याहून येणारी माणसे कुठे झोपवायची, ही कोकणातल्या प्रत्येक लग्नघराची खरी अडचण असते आणि तीन किलोमीटरवरचे रिकामे घर म्हणजे मोठीच सोय आहे. पण या सोयीपेक्षाही मोठी गोष्ट तिला या प्रश्नातून कळेल. इतकी वर्षे ज्या घराची किल्ली एकट्या तुमच्याकडे आहे, त्या घराबद्दल तुम्ही तिची परवानगी मागता आहात, हे तिला ऐकू येईल, आणि ते तुम्हाला निराळ्या शब्दांत सांगावे लागणार नाही.

घराची अवस्था बरी असेल अशा भ्रमात मात्र जाऊ नका. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तुमच्या घराने तसे कितीतरी पावसाळे माणसाशिवाय काढले आहेत. कौले सरकलेली असतील, वाशांना वाळवी असेल, पडवीत पालापाचोळा आणि माजघरात वटवाघळे असतील, विजेची जोडणी बहुधा तुटलेली असेल आणि विहीर उपसल्याशिवाय पाणी वापरता येणार नाही. म्हणूनही पहिली फेरी महिनाभर आधी हवी. गावातला एखादा गडी आणि सुतार ठरवा, विजेचे थकलेले देयक भरा, आणि हे सारे करताना शेजाऱ्यांना विचारा की मधल्या काळात इथे कोणी येत होते का. तुळशीपुढे कोणी अधूनमधून दिवा लावत असेल तर ते कोण, हेही कळेल. मी काही सुचवत नाही. विचारून पाहा इतकेच म्हणते.

आता जमिनीचे कागद. ते नेऊ नका. पिशवीच्या तळाशी, ‘वेळ मिळाला तर’ म्हणून सुद्धा नेऊ नका. पहिल्या वेळी तुम्ही सही मागितली ती आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि आता मागणार तर मुलीच्या लग्नात. दोन्ही वेळा प्रसंग असा निवडला गेला आहे की बाईला नाही म्हणणे अवघड जावे. तुमच्या मनात तसे नसेलही, पण बाहेरून ते तसेच दिसते.

शिवाय त्या कागदामागची तुमची समजूतही तपासून घ्या. ‘लग्नात सगळे दिले’ या वाक्याला व्यवहारात कितीही वजन असले तरी कायद्यात ते नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे, आणि वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. वडिलांची मालमत्ता स्वकष्टार्जित असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच मुलगा आणि मुलगी सारखे वारस आहेत. म्हणजे तुमच्या बहिणीने तेव्हा सही केली नाही, ते तुमचे काही अडवून धरणे नव्हते. तिचे जे होते ते सोडायला तिने नकार दिला होता. हक्क सोडायचा की नाही हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे, आणि सोडायचाच झाला तरी ते पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. घरच्या ओट्यावर घेतलेल्या सहीने तो प्रश्न सुटला नसताच. नेमका कोणाचा किती हिस्सा हे कागद पाहून वकील सांगतील. त्यात मी पडत नाही.

पहिल्या भेटीत या विषयावर फार तर एक वाक्य बोला: ‘जमिनीचा विषय लग्न होईपर्यंत मी काढणार नाही, आणि नंतर तू म्हणशील तेव्हा बसू.’ सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांचीही नावे लावायला तुम्ही मनापासून तयार असाल तर तेही सांगून टाका. तसे झाले तर या लग्नात तिला तुमच्याकडून मिळणारा सर्वांत मोठा आहेर तोच असेल. पण तयार नसाल तर खोटे सांगू नका. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत दिलेला शब्द पावसाळ्यानंतर फिरवलात, तर तिसरी संधी मिळेल असे मला वाटत नाही.

पाकिटातल्या आहेराविषयी थोडक्यात. एक लाख एक्कावन्न हजार ही रक्कम तुम्ही एवढ्या नेमकेपणाने लिहिली आहे की तिच्यामागे बरीच बेरीज-वजाबाकी झाली असावी अशी मला शंका येते. दुरावलेल्या भावाचे जाड पाकीट चारचौघांत आले की ते फेड दिसते, आणि तुमची बहीण ते त्याच दिवशी परत करू शकते. मदत करायची असेल तर मेहुण्यांना बाजूला घेऊन विचारा की कोणता खर्च अजून बाकी आहे, आणि तो परस्पर भागवून मोकळे व्हा. मामाने जे द्यायचे ते रिवाजाप्रमाणे द्या. अनेक घरांत वधू गौरीहराच्या पूजेला बसते ती मामाकडून आलेली पिवळी साडी नेसून. तुमच्याकडे तो रिवाज असेल तर साडी स्वतःच्या पसंतीने घेऊन धक्का देऊ नका. बहिणीला विचारा, भाचीला दादरला बोलावून तिच्या पसंतीने घ्या. त्या निमित्ताने तिचे केळवण तुमच्या ठाण्याच्या घरी होऊ शकेल. तुमच्या पत्नीला गावी जाण्याआधी आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरातून या नात्यात परत येण्याचा हा मार्ग सोपा जाईल, कारण तिथे यजमानीण त्या असतील आणि समोर भांडणातले कोणी नसून एक लग्नाळू मुलगी असेल. त्यांना अजून जड जात असेल तर सक्ती करू नका. पण ‘तू येत नाहीस म्हणून मीही जात नाही’ हा मार्ग तुम्ही स्वतःसाठी बंद करा.

प्रवासाचे आता लगेच बघा, कारण मेमध्ये कोकणच्या गाड्यांची आरक्षणे उघडल्यावर काही मिनिटांत संपतात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे. तेव्हा प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजून कोणत्या सकाळी संगणकासमोर बसायचे ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा. एकट्याच्या पहिल्या फेरीला रात्रीची कोकणकन्या बरी; सकाळी कुडाळला उतरता आणि दिवस हाताशी राहतो. लग्नाला कुटुंबासह जाताना दिवसाची मांडवी पाहा. मुलीला तो मार्ग उजेडात दिसू द्या, कारण गोव्याला जाताना तिने तो पाहिला असला तरी त्यातले कुडाळ तिला कोणी दाखवलेले नाही. लग्नाच्या किमान दोन दिवस आधी पोहोचायचे आहे, आणि परतीचे तिकीट लग्नाच्या संध्याकाळचे काढायचे नाही. त्याचे कारण पुढे सांगते.

दोन दिवस आधी पोहोचून करायचे काय, तर काम. मी स्वतः एकदा याच्या उलट वागले आहे. माझ्या मावशीच्या मुलाचे लग्न होते आणि मधल्या काळात आमच्यात बरीच वर्षे अबोला होता. मी मुहूर्ताला कार्यालयात पोहोचले, अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले, मंचावर जाऊन छायाचित्र काढून घेतले आणि निघाले. आपण मन मोठे केले या समाधानात मी चार महिने काढले. मग एका कार्यात मावशी भेटली आणि म्हणाली, “तू आली होतीस, हे मला अल्बम आला तेव्हा कळलं.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

लग्नघरात माणूस दिसतो तो त्याच्या हातातल्या कामामुळे. माटव घालताना झावळ्या ओढायला जा, तांदळाची पोती मोजून घ्या, कुडाळच्या बाजारातून राहिलेले नारळ आणा, स्थानकावर पाहुणे उतरवायला दुसऱ्याची गाडी घेऊन जा. बहिणीशी समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा तिच्यासोबत याद्या करताना जास्त बोलणे होईल, आणि ते ‘विड्याची पानं किती सांगितलीस?’ असल्या वाक्यांतून होईल. भावंडांचे बोलणे पुन्हा सुरू होते ते असेच, किरकोळ गोष्टींवरून, एकमेकांकडे न बघता. ग्रामदेवतेला पान ठेवायला किंवा गाऱ्हाणे घालायला घरची माणसे जातील तेव्हा मागे राहून जा. पुढे उभे राहण्याची घाई करू नका.

भावकीतले कोणी ना कोणी तुम्हाला गाठणारच. जेवणानंतर पडवीत गजाली रंगल्या की एखादे काका हळूच विचारतील, ‘काय रे, जमिनीचा मिटला?’ या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा, कारण तयार नसले की माणूस खुलासा करू लागतो, आणि तुमचा प्रत्येक खुलासा रात्र संपायच्या आत स्वयंपाकघरात पोहोचेल. ‘आज मी चेडवाचो मामा,’ म्हणजे मुलीचा मामा, एवढे म्हणा आणि पान पुढे करा. म्हाताऱ्या नातेवाइकांशी मात्र वेळ काढून बसा. तुमच्या वडिलांच्या पिढीतले जे कोणी उरले असतील, त्यांना इतक्या वर्षांत तुम्ही भेटलेला नाहीत, आणि त्यांच्यातल्या काहींशी ही शेवटची भेट ठरू शकते. जाता जाता एक गाऱ्हाणे माझेही: अशा भेटीनंतर उत्साहात कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट काढू नका. सुप्रभातच्या फुलांखाली मी किती नाती गाडली गेलेली पाहिली आहेत, ते सांगत नाही.

मुलीला काय सांगायचे, याचे उत्तर सोपे आहे, पण तुम्हाला ते आवडणार नाही. तिला खरे सांगा. ती एकोणीस वर्षांची आहे. आजोबांची मालमत्ता, आत्याचा हक्क आणि बाबांची चूक हे तिला सहज कळेल, आणि उद्या याच प्रश्नात ती स्वतः मुलगी म्हणून उभी राहणार आहे. तिला गाडीत सांगू नका. निघायच्या आधी घरी सांगा. आत्याविषयी एखादी चांगली आठवणही सांगा. तुम्ही मुंबईला नोकरीला लागलात तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी चतुर्थीला तुम्ही रातराणी एसटीने आला असाल, आणि पहाटे तिठ्यावर उतरल्यावर कोणी ना कोणी सामान घ्यायला उभे असेल. ते कोण असायचे, ते मुलीला सांगा. गावी गेल्यावर तिला आत्याच्या हाताखाली एखादे काम मिळवून द्या आणि तुम्ही तिथून निघून जा. तुमच्या देखरेखीखाली झालेली ओळख ओळख राहत नाही.

लग्नाच्या दिवशी मामाचे काम ठरलेले असते. भाचीला बोहल्यापर्यंत आणणे आणि मंगलाष्टके चालू असताना तिच्या पाठीशी उभे राहणे, एवढ्यात तुमचे त्या दिवशीचे सगळे बोलणे आले. त्या क्षणी बहिणीची आणि तुमची नजरानजर होईल. झाली तर होऊ द्या, आणि डोळे भरून आले तर धुराचे निमित्त करू नका.

आता परतीच्या तिकिटाचे कारण सांगते. तुमच्या बहिणीला भावाची खरी गरज लग्नात नसून पाठवणीनंतर लागेल. गाड्या निघून गेलेल्या असतात, माटवातल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या असतात, पातेल्याच्या तळाशी सोलकढी उरलेली असते आणि दिवसभर ज्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आता आवाज घुमतो. त्या संध्याकाळी वधूची आई पहिल्यांदा खाली बसते. बहुतेक पाहुणे नेमके त्याच वेळी गाडी पकडतात, आणि तुम्हीही तीच गाडी पकडायला निघाला होतात. राहा. फार बोलू नका. मेहुण्यांबरोबर हिशोब बघा, भांडीवाल्याला भाड्याची भांडी मोजून द्या, उरलेल्या जेवणाचे डबे भरून शेजारी पोहोचवा. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला घेऊन घरी जा. तुमच्याच नव्हे, तिच्याही घरी. आईच्या तेराव्यानंतर ती तिथे गेली आहे की नाही हे मला माहीत नाही. गेली नसेल तर दार तिला उघडू द्या.

राहता राहिली ती किल्ली. इतके पावसाळे खाल्लेले कुलूप बहुधा पहिल्याच फेरीत तोडावे लागेल. कुडाळच्या बाजारातून नवे कुलूप घ्याल तेव्हा त्याच्यासोबत दोन-तीन किल्ल्या येतील. त्यातली एक त्याच दिवशी, घराची साफसफाई सुरू होण्याआधी, तिच्याकडे नेऊन द्या.